पहिल्याच वर्षी नारळ?

नोव्हाय, मिशिगन
24 नोव्हेंबर 2008

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

तुझी शनिवारची ईमेल वाचली. आपल्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला ओहायो स्टेटने 42-7 असं धुतल्यावर ‘नव्या प्रशिक्षकाला, रॉड्रिगेझला, काढून टाका’ याशिवाय तू दुसरं काय लिहिणार होतास! 3 विजय, 9 पराभव. मिशिगनने एका हंगामात 9 सामने याआधी कधीच घालवले नव्हते. 1975 पासून न चुकलेला बोल गेमही (हंगामाअखेरचा मानाचा सामना) यंदा नाही. हरल्यावरही तुम्हा बँडवाल्यांना विजयगीत वाजवावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तरी रॉड्रिगेझला आत्ताच नारळ द्यावा, हे मला पटत नाही.

आधीचा प्रशिक्षक लॉइड कार, त्याने संघ बांधला तो समोरच्यांना अडवणारे धिप्पाड लाइनमन आणि जागेवर उभं राहून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, धरून. रॉड्रिगेझला हवाय पळणारा क्वार्टरबॅक, चपळ पोरं, मोकळं मैदान. त्यात हेनी, हार्ट, जेक लाँग हे जुने खेळाडू शिकून बाहेर पडले, मॅनिंगहॅम वर्षभर आधीच एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) गेला, मॅलेट आर्कान्सॉ विद्यापीठाला. क्वार्टरबॅक म्हणून उरले कोवळा थ्रेट आणि वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात आलेला, शेरिडन. उकडीची पिठी घेऊन पुरणपोळ्या लाटायला बसला हा माणूस!

आहे त्या पोरांना झेपेल तसं एक वर्ष खेळवता आलं असतं, असं तुझे बाबा म्हणतात. मला ते पटतं. पण माझा खरा राग वेगळाच आहे. बचावातली बरीच मुलं जुनीच होती ना? मग इलिनॉयने 45, पेन स्टेटने 46, पर्ड्यूने 48 गुण कसे केले? क्वार्टरबॅक नाही, ही सबब तिथे चालत नाही. टोलेडोबद्दल तर मी लिहीतच नाही. त्यांच्या मिड-अमेरिकन या दुय्यम गटातल्या एकाही संघाशी आपण आजवर हरलो नव्हतो.

अलाबामाकडे बघ. गेल्या वर्षी त्यांचा प्रशिक्षक सेबन नवा होता, घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या संघाकडून हरला, शेवट 7 विजय, 6 पराभव. यंदा अजून एकही सामना हरलेला नाही. (हे उदाहरण देणारे सोयीस्कर विसरतात की तो सहाच हरला होता, नऊ नव्हे.) आणि आज रॉड्रिगेझला काढलं तर पुढचा येईल तो तिसराच खेळ आणेल, याने आणलेली पोरं निघून जातील, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विस्कॉन्सिनविरुद्ध 0-19 वरून 27-25 ने जिंकली ती हीच मुलं, तू होतास की तिथे.

पुढच्या वर्षी बँड सोडण्याचं घरी आल्यावर बोलू. गुरुवारी दुपारपर्यंत पोच, धुवायचे कपडे आण. बाबांच्या ऑफिसात रोज कोणाची तरी नोकरी जातेय, तेव्हा कोणाला काढून टाकायच्या गप्पा जेवताना नकोत. डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघाचं, लायन्सचं, नाव तर मुळीच काढू नकोस, 11 पैकी 11 हरलेत.

तुझी,
आई