बारावा अध्याय पळवू नका

महोदय,

सध्या आपल्या अंकात गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांच्या बातम्या येत आहेत आणि मी त्या सगळ्या वाचतो. कलशपूजन कुणाच्या हस्ते झालं, व्यासपीठावर कोण मान्यवर होते, ज्ञानेश्वरीला किती वाचक बसले, महाप्रसादाला बुंदी होती की लापशी, सगळं तपशिलात असतं. रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी अभंग कोणता लावला, एवढं मात्र नसतं. बातमीदाराचा दोष म्हणत नाही. मंडळाचा जो कार्यकर्ता फोटो आणि मजकूर पाठवतो, त्यालाही ते आठवत नसतं.

मी करवीर तालुक्यातला गुऱ्हाळवाला. गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणजे मटण वर्ज्य. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात माळकऱ्याचं पाहुण्यांत काय होतं ते माळकऱ्यालाच ठाऊक, पण तो विषय निराळा. पारायणाला मी दरवर्षी वाचक म्हणून बसतो, त्यामुळे हे बाहेरून केलेलं शेरेबाजीचं पत्र नव्हे.

ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर. सात दिवसांत संपवायच्या म्हटल्यावर रोजच्या तेराशेच्या घरात जातात. काकडा आटोपून सातला बसायचं आणि अकराला पंगत, म्हणजे मिनिटाला पाच-सहा ओव्या. पुढे अठरावा अध्याय 1810 ओव्यांचा, त्याची धास्ती आधीपासूनच असते. व्यासपीठ चालक हाताने 'चला, चला' करतात. त्या घाईत बारावा अध्याय पाऊण तासात हातावेगळा होतो. जेमतेम 247 ओव्यांचा, त्यामुळे तो आला की वाचक खूश. वेळ भरून निघतो ना!

याच अध्यायात भक्त कसा असतो ते सांगितलं आहे. कपाळाचा टिळा, उपास, यात्रा यांवर ती लक्षणं बेतलेली नाहीत, वागण्यावर आहेत. 'पार्था जयाचिया ठायीं । वैषम्याची वार्ता नाहीं । रिपुमित्रां दोहीं । सरिसा पाडु' असं सांगून ज्ञानोबा दृष्टांत देतात. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्याला अंधार असं करत नाही, झाड लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखीच सावली देतं. आणि मग ही ओवी येते:

नातरी इक्षुदंडु । पाळितया गोडु ।
गाळितया कडु । नोहेंचि जेवीं ॥

ऊस पाळणाऱ्याला गोड आणि गाळणाऱ्याला कडू असं कधी होत नाही. 1290 साली हा ग्रंथ झाला, तेव्हापासून ही ओवी तिथे आहे, आणि आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं तिच्यावरून घोड्यावर बसल्यासारखे जातो. त्यातला गाळणारा म्हणजे तर आम्हीच.

ही ओवी आमच्या आवारात कुठे लागू होते ते सांगतो. हंगामात ऊस गाळायला शेतकऱ्यांची रांग असते. तोडलेला ऊस उन्हात पडला की वाळतो, वजन घटतं, रस बिघडतो, म्हणून प्रत्येकाला आपला नंबर आधी हवा असतो. पाहुण्याचा ट्रॅक्टर मागून येऊन पुढे लागतो आणि भाऊबंदकीतल्या माणसाचा ऊस दोन दिवस तसाच पडतो, हे आमच्या भागात नवीन नाही. माझ्याकडे नंबर भिंतीवर खडूने लिहिलेले असतात. ज्याच्याशी माझा बांधाचा दावा कोर्टात आहे, त्याचाही नंबर त्याच भिंतीवर असतो आणि त्याची पाळी आली की त्याचंच आदण, म्हणजे उकळायचा रस, काहिलीत पडतं. साडूला याचा राग आहे. दिवाळीच्या फराळालाही तो यंदा आला नाही. दाव्यातला माणूस काही माझ्यावर खूश झालेला नाही, पुढच्या तारखेला त्याचा वकील तितक्याच जोरात बोलला.

दुसरी गोष्ट साखरेची. गुळापेक्षा साखर स्वस्त पडते तेव्हा रसात साखरेची पोती ओतायची, रंग उतरवायला हायड्रोस नावाचं रसायन टाकायचं, की रवा म्हणजे गुळाची ढेप पिवळीधमक निघते. नुसत्या भेंडीच्या पाण्यावर मळी काढून केलेला गूळ तांबूस येतो. शाहू मार्केट यार्डात सौदा निघाला की खरेदीदार रव्याचा टवका काढून उजेडाला धरतो. रंग बघून बोली, चव नंतर. गुजरातच्या पेठेला पिवळा लागतो, असं कारण देतात. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आपणही छापलं असेल. आता त्या नावाखाली साखरच विकायची काय?

आमच्याच भजनी मंडळातले एक गुऱ्हाळवाले मला म्हणाले, "आण्णा, ग्रंथ देव्हाऱ्यात आणि रवा सौद्यात. दोन्हीचा घोळ घालू नका, उपाशी मराल." त्यांचा आवाज गोड आहे, तुकोबांच्या गाथ्यातले अभंग तोंडपाठ आहेत. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' हा अभंग तर त्यांनीच मला चालीवर शिकवला. मी त्यांना एवढंच विचारलं, की हा अभंग लिहिणाऱ्याचं घर कुणाचं होतं? वाण्याचंच ना? तुकोबांनी दुकान केलं, सावकारी पाहिली, दुष्काळात सगळं बसलं. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं परंपरा सांगते. व्यवहारातला माणूसच व्यवहाराबद्दल बोलतोय, त्याला देव्हाऱ्यात कोंडून कसं चालेल? त्यावर ते हसले आणि पखवाज जुळवायला लागले.

तांबूस गुळाला मला दर कमी मिळतो, हे खरं. काही घरगुती गिऱ्हाईक थेट आवारात येतं, त्यावर थोडंफार भागतं. त्याचा मोठेपणा मला नको. पण पारायणाच्या समाप्तीला ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवायचा आणि त्याच रात्री चुलवाणाजवळ साखरेची थप्पी लावायची, हे मला तरी जमत नाही.

कोल्हापुरात तर ग्रंथाची किंमत आपल्याला जास्त कळायला हवी. 1899 साली पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे मानलेले, मंत्र म्हटले गेले, त्यावरून केवढं वादळ उठलं! कुठला मंत्र कुणासाठी, यावर राजालाही झगडावं लागलं. आज ज्ञानेश्वरी किलोभर मटणापेक्षा स्वस्त मिळते, बाया-बापड्या, पोरंसोरं सगळी वाचायला बसतात, कुणी अडवत नाही. (मटणाच्या दरासाठी आंदोलन करणारं गाव आपलं, म्हणून तोच हिशेब सांगितला.) मग अडवणूक उरली ती फक्त घड्याळाची.

पारायण बंद करा असं माझं म्हणणं नाही. तालात हजारभर ओव्या कानावरून गेल्या तरी काही शब्द आत राहतात, मीही तसाच शिकलो. पण वारकरी कीर्तनात एकाच अभंगावर दोन तास निरूपण चालतं. थांबून बघायची ही रीत आपलीच आहे. सात दिवसांतला बाराव्या अध्यायाचा दिवस व्यासपीठ चालकांनी थोडा सैल सोडावा. एका ओवीवर पंधरा मिनिटं थांबावं आणि वाचकांतल्याच एखाद्या शेतकऱ्याने, मास्तराने, दुकानदाराने ती आपल्या कामात कुठे लागते ते उठून सांगावं. महाराजांनी नव्हे.

आमचा सप्ताह रामनवमीला बसतो. व्यासपीठ चालकांना मी हे बोललो. ते म्हणाले, त्या दिवशी काकडा अर्धा तास आधी धरावा लागेल, आणि पहाटे एवढ्या लवकर मृदंगाला माणूस कोण देणार ते आधी सांगा. होळीनंतर मंडळाची बैठक आहे, तिथे विषय निघेल. जिल्ह्यात कुठल्या गावाने असं काही करून पाहिलं असेल तर त्यांनी वेळ कसा बसवला ते याच सदरात जरूर कळवावं. आणि आपल्या बातमीदारांना विनंती, की सप्ताहाच्या बातमीत मान्यवरांची नावं एक-दोन कमी झाली तरी चालतील, तेवढ्या जागेत कीर्तनाचा अभंग छापावा.

आपला,
एक माळकरी गुऱ्हाळवाला
करवीर, जि. कोल्हापूर