काकूंचं किचन आणि पार्ल्यातलं रीडेव्हलपमेंट

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला, काकूंकडे मॉड्युलर किचन करायचं म्हणतोयस, तर स्पष्ट सांगतो, आत्ता नको करूस. पार्ला ईस्टला गल्लीगल्लीत पत्रे लागलेत रे, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या सगळ्या एकदमच पाडायला निघाल्यात आणि तुमच्याकडेही बिल्डरशी बोलणी सुरू आहेत, मग ओट्यात घातलेले लाखभर रुपये डेब्रिजमध्येच जाणार ना.

बाथरूमचं काम मात्र लगेच काढ. परवा काकूंकडे गेलो होतो, कमोडच्या वरचं प्लास्टर पडलंय, आतल्या सळया गंजून फुगल्यात आणि वरच्यांचं लीकेज नेमकं तिथूनच टपकतंय. वरच्यांशी बोलून वॉटरप्रूफिंग करून घे, अँटिस्किड टाइल्स लाव, धरायला दांडी बसव. रीडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, काकूंना रोज तिथे जायचंय.

आता बिल्डरचं. ३५ टक्के जादा एरिया म्हणतोय, पण कशावर? जुन्या ॲग्रीमेंटमधल्या एरियावर की रेरा कायद्याप्रमाणे मोजलेल्या कार्पेट एरियावर? रेरा कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतीही धरतात, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. शिवाय आपल्याकडे एअरपोर्टमुळे उंचीवर बंधन, मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या ३३(७)(ब) खाली सोसायटीला जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी, मिळाला तरी तो सगळा वर चढवता येईलच असं नाही, मग बिल्डरला विकायला फ्लॅट कमी उरतात. म्हणून फारच भारी ऑफर आली की मला आनंदापेक्षा काळजी वाटते, अर्ध्यात काम अडकलं तर म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठे?

सहकारी सोसायट्यांच्या कायद्यातल्या ७९-अ कलमाखाली २०१९ ला सरकारने रीडेव्हलपमेंटच्या गाइडलाइन्स काढल्यात, त्यांच्याप्रमाणे ५१ टक्के मेंबरांची संमती पुरते, म्हणजे गप्प बसलं तरी निर्णय होणारच. त्यातच प्रोजेक्ट कॉस्टच्या २० टक्के बँक गॅरंटी, म्हणजे बिल्डर चुकला तर बँकेने पैसे भरायची हमी, बिल्डरकडून घ्यायचं लिहिलंय, ती सोडायची नाही. कमिटी म्हणेल डेव्हलपर ओळखीतला आहे, तरीही नाही.

आणि बांधकाम होईपर्यंत राहायच्या घराच्या भाड्याचं बघ. सगळे एकाच वेळी घरं शोधतायत, भाडी चढलीत, बिल्डर देतो त्यात स्टेशनजवळ लिफ्टचं घर मिळेलच असं नाही. काकूंचे डॉक्टर इथे, टिळक मंदिरातल्या मैत्रिणी इथे, त्यांना लांब कुठेतरी नेऊन टाकायचं मला अजिबात पटत नाही, वरचे पैसे तू घाल पण घर पार्ल्यातच बघ. मीही ब्रोकरांना सांगून ठेवतो. ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आला की काकूंनी सही करायच्या आधी मला पाठव, आपल्या वकिलाला दाखवू.

तुझा,
समीर