वाद्यसंग्रहालयाचे काम अर्धवट राहू नये

मा. संपादक,

तुळजापूरच्या गोंधळ्यांचे संबळ-तुणतुणे, आराध्यांचे चौंडके, वाघ्या-मुरळीची दिमडी अशी लोकवाद्ये जपणाऱ्या आमच्या भागातील संग्रहालयाचे नूतनीकरण निधीअभावी रखडले आहे. छपराचे काम झाले, परंतु काचेची कपाटे आणि दमटपणा रोखण्याची व्यवस्था बाकी आहे. माझ्या मते तीच अधिक निकडीची आहे. कारण मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की कोरड्या हवेने लाकूड तडकते, तर पावसाळ्यात चामडे सैल पडून त्याला बुरशी धरते. जुन्या दिमड्यांना घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते आता वापरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण म्हणूनच तसे एखादे वाद्य खराब झाले, तर ते कायमचेच गेले.

कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीच्या जतनाचा समावेश असल्याने छत्रपती संभाजीनगर-जालना परिसरातील उद्योगांनी आपल्या सामाजिक दायित्व निधीतून वाटा उचलावा. गावोगावच्या भजनी व नवरात्र मंडळांनीही यथाशक्ती वर्गणी द्यावी. मात्र जमाखर्च दर महिन्याला संग्रहालयाच्या दर्शनी भागात लावला जावा, अशी विश्वस्तांना आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, धाराशिव