उल्का पाहिलेल्यांना नीट विचारा

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

परवा रात्री आकाशातून जो आगीचा गोळा गेला तो मी गच्चीवरून पाहिला. खरं तर माझी पाठ होती तिकडे, आधी दिसली ती समोरच्या भिंतीवर पडलेली माझीच सावली, अगदी दुपारसारखी ठळक, आणि ती सरकायला लागली म्हणून मी दचकून वळलो तर हिरवट पांढरा गोळा खाली उतरत होता, मग त्याचे तीन तुकडे झाले, नारिंगी पडले आणि विझले. सगळं मिळून चारेक सेकंद. शुक्रापेक्षा जास्त तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात हे वाचलेलं होतं पण हा तर चंद्रालाही फिका पाडणारा होता.

दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात दोन ओळी आल्या, आकाशात प्रकाश दिसला आणि लोक घाबरले. मला वाईट वाटलं हो. एवढ्या लोकांनी पाहिलं आणि कोणालाच विचारलं नाही की कुठून कुठे गेलं?

आमच्याकडे सगळे म्हणतायत की ते समोरच्या टेकडीमागे पडलं, काही जण सकाळी शोधायलाही गेले. पण मी मोबाईलमध्ये वेळ बघितली होती, तुकडे झाल्यावर जवळपास साडेतीन मिनिटांनी लांबून गडगडल्यासारखा आवाज आला. आवाजाला 1 किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणजे ती फुटली ती 70 किलोमीटरवर! टेकडी तर दोन किलोमीटरवर पण नाहीये. अंधारात एवढं तेज दिसलं की ते जवळच आहे असं वाटतंच, त्यात कोणाची चूक नाही, म्हणून तर वेगवेगळ्या गावांतून पाहिलेल्यांची माहिती एकत्र करावी लागते.

आणि अशी माहिती खरंच कामाची असते. 1803 साली फ्रान्समध्ये लेगल गावाजवळ दगडांचा पाऊस पडला तेव्हा बियो नावाचा तरुण शास्त्रज्ञ गावोगाव फिरला, लोकांना विचारत. आकाशातून दगड पडतात हे तोवर बरेच विद्वान खेडवळांच्या गप्पा समजायचे. पण सगळीकडे हकीकत एकच निघाली, दगडही एकाच जातीचे आणि त्या भागात न सापडणारे, तेव्हा कुठे लोकांचं म्हणणं मान्य झालं. अलीकडचं म्हणाल तर 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण 20 मीटरचा गोळा फुटला, त्याचा मार्ग काढताना रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत सरकलेल्या सावल्यासुद्धा उपयोगी पडल्या. (तिथे हजारावर माणसं जखमी झाली ती मुख्यतः काचांनी, उजेड बघायला खिडकीशी गेली आणि धक्का नंतर आला. एवढी एक गोष्ट तरी जरूर छापा, असा लखलखाट दिसला की काचेपासून लांब व्हायचं.)

तर विनंती अशी की वाचकांना विचारा, नेमकी वेळ काय, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश, लहान मुलगाही मोजू शकतो. किती सेकंद दिसलं हेही विचारा कारण मिनिटभर रांगेत हळू सरकणारे दिवे दिसले असतील तर ते बहुतेक रॉकेट किंवा उपग्रहाचे तुकडे, उल्का नव्हे. सीसीटीव्हीचं फुटेज असेल तर ते पुसलं जायच्या आत ठेवा म्हणावं, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढेमागे आहे तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. वेळ 9 वाजून 43 मिनिटं. सुरुवात पाहिलेली नाही, पाठ होती. डावीकडून उजवीकडे तिरकी खाली, दक्षिणेला तीन मुठी उंचीवर तुकडे झाले. आवाज एकदाच, लांबलचक. दक्षिणेकडच्या गावांतून कोणाला हीच उल्का उत्तरेला दिसली का, आणि किती मुठीवर, ते मला फार जाणून घ्यायचंय.

आपला,
एक नियमित वाचक