रिपोर्टमधली उजवी बाजू कोणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांत आरोग्यावर आता भरपूर छापून येते आणि लोक ती कात्रणे जपून ठेवतात. पण सोबतच्या शरीराच्या चित्रात डावी-उजवी बाजू कोणाची, हे सहसा कुठेच लिहिलेले नसते. मी एक्स-रे तंत्रज्ञ आहे. एवढ्याशा गोष्टीवरून होणारा गोंधळ कामावर सतत बघते, म्हणून हे पत्र.

शरीराबद्दल बोलताना डावे-उजवे नेहमी ज्याचे शरीर त्याचे धरतात, बघणाऱ्याचे नाही. छातीची फिल्म बघताना रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे मानायचे. त्यामुळे हृदयाची सावली बघणाऱ्याच्या उजव्या हाताला जास्त दिसते, आणि ती रुग्णाची डावी बाजू असते. नातेवाईक फिल्म खिडकीशी धरतात आणि हृदय भलतीकडेच दिसते म्हणून धास्तावतात. फिल्मच्या एका बाजूला 'आर' किंवा 'एल' असते. ते शिशाचे अक्षर आम्ही एक्स-रे काढतानाच ठेवतो. आधी ते शोधावे, मग बाकीचे बघावे. सीटी स्कॅनच्या आडव्या छेदांत रुग्ण उताणा झोपलेला आहे आणि आपण त्याच्या पायांकडून बघतो आहोत असे धरतात, म्हणून तिथेही त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते.

या सगळ्यामागे शरीराची एक ठरलेली स्थिती आहे: माणूस ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे. प्रत्यक्षात तो पालथा पडलेला असो की स्ट्रेचरवर आडवा, वर्णन याच स्थितीवरून करायचे. झोपलेल्या माणसाच्याही 'वर' म्हणजे डोक्याकडे, छताकडे नव्हे.

तळवे पुढेच का, हे कोपर ते मनगट या भागाचा एक्स-रे काढताना फार छान कळते. तळवा वर असेल तर तिथली दोन्ही हाडे शेजारी शेजारी, वेगवेगळी दिसतात. तळवा खाली वळवला की अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून आडवे जाते आणि फिल्मवर फुली पडते. मग बाहेरचे हाड कोणते आणि आतले कोणते, हे कोणत्या भरवशावर सांगणार? म्हणून आम्ही 'तळवा वर करा' म्हणतो. दुखऱ्या हाताने ते जमत नसेल तर रुग्णाने तसे सांगावे, जोर लावून वळवू नये.

रिपोर्टमधले नेहमीचे शब्द मोजकेच आहेत. अँटेरियर म्हणजे पुढचे, पोस्टेरियर म्हणजे मागचे. शरीराच्या मधोमध उभी रेघ ओढली तर तिच्याजवळचे ते मीडियल, तिच्यापासून लांबचे ते लॅटरल. गुडघ्याची मीडियल बाजू म्हणजे दोन गुडघे एकमेकांना लागतात ती. सांध्यात खोलवर, असा तिचा अर्थ नाही. प्रॉक्सिमल आणि डिस्टल मुख्यतः हातापायांसाठी वापरतात: धडाकडचे टोक प्रॉक्सिमल, बोटांकडचे डिस्टल. अंगठ्याकडच्या हाडाचा डिस्टल भाग मोडला म्हणजे मोड मनगटाजवळ आहे, कोपराजवळ नाही.

छातीच्या एक्स-रेवर 'पीए' किंवा 'एपी' लिहितात, त्याकडे कोणी बघतच नाही. पीए म्हणजे किरण पाठीतून शिरून छातीकडून बाहेर पडले. त्यासाठी रुग्ण छाती प्लेटला टेकवून उभा राहतो, हृदय प्लेटच्या जवळ असते आणि सावली फारशी फुगत नाही. उभे राहता येत नसेल तर खाटेवरच एपी काढतात. त्यात किरण पुढून येतात, हृदय प्लेटपासून लांब पडते आणि त्याच माणसाचे तेच हृदय मोठे दिसते. आधीचा पीए आणि नंतरचा एपी शेजारी ठेवून 'हृदय वाढलं' म्हणत रडवेल्या झालेल्या घरच्यांना मी पाहिले आहे. दोन फिल्म ताडून बघण्याआधी दोन्हींवरची ही अक्षरे वाचावीत, आणि शंका डॉक्टरांनाच विचारावी.

पोटदुखीबद्दल एकच सांगते. दुखणे कुठे सुरू झाले आणि नंतर कुठे सरकले, दोन्ही सांगा. अपेंडिक्सचे दुखणे बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होऊन मग उजवीकडे खाली सरकते. आता दुखते तेवढीच जागा दाखवली तर डॉक्टरांना अर्धीच माहिती मिळते.

माझी विनंती साधी आहे. शरीराचे चित्र छापाल तेव्हा त्यावर 'रुग्णाची उजवी' आणि 'रुग्णाची डावी' एवढे छापा. चित्र पाठीकडून काढलेले असेल तर तेही लिहा, कारण तिथे रुग्णाची उजवी आपल्याही उजव्या हाताला येते. शस्त्रक्रियेवरच्या लेखांत आणखी एक चौकट द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या तपासणी-यादीत भूल देण्याआधी रुग्णाची ओळख, शस्त्रक्रिया आणि तिची जागा पक्की करायला सांगितले आहे. जिथे लागू असेल तिथे त्वचेवर खूणही करतात. त्या वेळी रुग्णाने नुसते 'हो' म्हणू नये. स्वतःचा हात त्या जागेवर ठेवून 'माझा हा, उजवा गुडघा' असे स्पष्ट सांगावे, आणि खूण तिथेच झाली की नाही ते बघावे.

आपली,
एक एक्स-रे तंत्रज्ञ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)