सही मॅडमची, थेरपी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत हल्ली मुलांची थेरपी सेंटर्स नाक्यानाक्यावर झाली आहेत. बोर्डावर ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे आजारामुळे किंवा वाढीतल्या अडचणींमुळे न जमणारी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं, नाव आणि पदव्या असतात, आत पाऊण तास मुलासमोर बसते ती बहुतेक वेळा असिस्टंट. यात गैर काही नाही. मी स्वतः याच व्यवसायात आहे. चांगल्या असिस्टंटशिवाय एकही सेंटर आठवडाभर चालायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या असिस्टंटच्या कामावर देखरेख कोणी करायची, किती करायची, याचा कुणी हिशेबच ठेवत नाही.

गेल्या वर्षी लालबागच्या एका चाळीत पक्षाघाताच्या एका आजोबांना बघायला गेले होते. एका सेंटरचा असिस्टंट रोज घरी यायचा. कष्टाळू मुलगा, वेळेचा पक्का. त्याने दाराच्या चौकटीला कप्पी बांधली होती आणि आजोबा चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात डोक्यावर नेत होते. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, सांधा खाली ओघळतो. तशा खांद्याला कप्पीने वर खेचलं की आतल्या आत चिमटा बसतो आणि दुखणं मागे लागतं. आजोबा तर सदऱ्याची बाहीसुद्धा चढवू देईनात, इतकं दुखत होतं. घरच्यांनी सगळा दोष त्या मुलाला दिला. त्याच्या फाइलमध्ये थेरपिस्टने लिहून दिलेली सूचना मी वाचली: 'हाताचे व्यायाम'. बस्स. पहिल्या तपासणीनंतर थेरपिस्ट त्या घरी फिरकल्याच नव्हत्या. महिनाअखेरच्या रिपोर्टवर सही मात्र त्यांचीच.

देखरेख म्हणजे काय, तर असिस्टंटला तीन गोष्टी नेमक्या सांगणं: काय करायचं, त्यातलं काय स्वतःच्या अंदाजाने बदललं तरी चालेल, आणि कुठे थांबून फोन करायचा. तिसरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते. झोक्यावर बसवलेलं मूल पांढरंफटक पडलं, घामेजलं, सारखं जांभया देऊ लागलं, तर झोका थांबवायचा. ते 'कंटाळलंय' म्हणून आणखी जोरात झुलवायचं नाही. स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) काढल्यावर उमटलेला लाल वळ वीस मिनिटांनीही गेला नाही, तर ती पुन्हा चढवायची नाही, थेरपिस्टला दाखवायची. हे एकदा सांगून भागत नाही. शेजारी बसून बघावं लागतं, आणि नव्या असिस्टंटच्या शेजारी जास्त वेळ बसावं लागतं. दोन वर्षं मुरलेल्या मुलीला एक फोनही पुरतो, पण तिच्याकडेही गुंतागुंतीची केस आली की पुन्हा शेजारी बसणं आलंच.

अमेरिकेत असिस्टंटचा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यात किमान १६ आठवडे पूर्णवेळ प्रात्यक्षिक, वर परीक्षा आणि परवाना. तरीही मूल्यमापनाची आणि उपचारांच्या आराखड्याची जबाबदारी थेरपिस्टचीच. असिस्टंट आपली निरीक्षणं देतो, पण योजना स्वतःच्या मनाने ठरवत नाही. देखरेख किती हवी हे रुग्णाची अवस्था आणि असिस्टंटचा अनुभव बघून ठरतं. त्यांचं सगळं इथे आणा असं मी म्हणत नाही. तिथला पगार आणि इथली भाडी, दोन्ही मला माहीत आहेत.

पण ज्या शहरात कमलाबाई निंबकरांनी १९५० साली केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं, तिथे निदान एवढं कोडं तरी सुटायला हवं होतं. राज्यात थेरपिस्टसाठी २००२ च्या कायद्याने आलेली, त्यांची नोंदणी करणारी कौन्सिल आहे, अशा आरोग्य-व्यवसायांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदाही आला. या सगळ्यात बारा-पंधरा हजारांवर राबणारी, कुठला तरी छोटा कोर्स केलेली ती मुलगी कुठे बसते? चूक झाली की बोलणी तिला, फी सेंटरला.

खरी गोम पैशात आहे. अनुभवी थेरपिस्ट सोमवारी बोरिवली, मंगळवारी ठाणे, बुधवारी पनवेल अशी लोकलने पळत असते, कारण तिला पैसे मिळतात ते तपासणीचे. असिस्टंटबरोबर तासभर बसून एक सेशन बघितलं तर त्याचं कुणी काही देत नाही. मग ते काम सहीवर उरकतं. सेंटरचालकांनी हा तास पगारात धरावा, आणि एका थेरपिस्टच्या हाताखाली किती असिस्टंट असावेत याची मर्यादा कौन्सिलने घालून द्यावी. पन्नास मुलांच्या फायलींवर एकाच दुपारी सह्या होतात, तेव्हा तिथे देखरेख झाली असं मी तरी मानणार नाही.

पालकांनीही लाजू नये. सेशन कोण घेणार, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार, आणि त्या थेरपिस्टने आपल्या मुलाला शेवटचं कधी प्रत्यक्ष पाहिलं, हे काउंटरवर सरळ विचारावं. चांगल्या सेंटरला याचा राग येत नाही. तारीख फाइलमध्ये लिहिलेली असते, ते दाखवतात.

आपली,
एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, दादर