संगीतोपचाराच्या विद्यार्थ्यांसाठी ठाणेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

१९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांची कधीच वानवा नसलेल्या आपल्या ठाण्यात, रुग्णांसाठी व विशेष मुलांसाठी संगीताचा उपयोग करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक पाया मिळावा, यासाठी आमचे संगीत मंडळ दिवाळीनंतर नौपाड्यात अभ्यासवर्ग सुरू करत आहे.

गळा कितीही तयार असला, तरी तेवढ्या बळावर रुग्णासमोर बसू नये, असे आमचे ठाम मत आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही व्यक्तींना साधे ‘पाणी’ म्हणता येत नाही, मात्र पाठ असलेली आरती त्याच व्यक्ती शब्दांसह म्हणू शकतात. अशा वेळी ‘पाणी हवं’ हे शब्द दोन स्वरांत बसवून, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका धरायला लावून, पुढे चाल हळूहळू काढून घेत रुग्णाला बोलण्याकडे नेण्याची पद्धत आहे. परंतु ती कोणाला लागू पडेल, हे वाचा-उपचारतज्ज्ञाच्या तपासणीशिवाय ठरवता येत नाही. झांज वाजताच कान झाकून घेणाऱ्या स्वमग्न मुलासमोरून ती झांज मुकाट्याने बाजूला ठेवणे, हेही शिकावेच लागते.

म्हणून वर्गात पूर्वतपासणी, उद्दिष्ट ठरवणे, संमती आणि नोंदी यांवर भर राहील. ‘रुग्णाला प्रसन्न वाटले’ ही नोंद पुरेशी मानली जाणार नाही; ‘उजव्या हाताने ढोलकीवर सलग आठ ठोके दिले, नंतर हात थकला’ असे लिहिता आले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, त्यामुळे मोबाइलवर चित्रीकरण करून ते इतरांना पाठवण्यास सक्त मनाई राहील. अमुक रागाने अमुक आजार बरा होतो, असे आश्वासनही कोणी द्यायचे नाही.

अमेरिकेत या विषयाचा पदवी अभ्यासक्रम १९४४ मध्ये मिशिगन येथे सुरू झाला आणि आज तेथे किमान १,२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक मानले जाते. आमचा वर्ग त्याची बरोबरी करणारा नाही व उपचारक म्हणून प्रमाणपत्रही देणार नाही. पुढील शिक्षणाची ती पूर्वतयारी आहे.

पेटी, तबला, ढोलकी मागितली की ठाणेकर देतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. खरी अडचण आहे ती पर्यवेक्षणाची. विद्यार्थी रुग्णासोबत असताना अनुभवी तज्ज्ञाने शेजारी बसावे, नंतर त्याच्या चुका दाखवाव्यात, या वेळेचे मानधन द्यावे लागते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या या खर्चासाठी देणगीदार सहसा मिळत नाही. आपली देणगी प्रथम याच कामी लावली जाईल. उरलेल्या रकमेतून गरजू विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च भागवला जाईल.

वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी महिन्यातून एक दुपार द्यावी, तसेच विशेष शाळा व वृद्धाश्रमांनी विद्यार्थ्यांना निरीक्षणाची परवानगी द्यावी, ही विनंती. धनादेश मंडळाच्या नावे काढून कार्यालयात सायंकाळी द्यावेत आणि पावती अवश्य घ्यावी.

आपला,
कार्यवाह